साती आसरा आणि कोष्ट्याचं लेकरू

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात रामलिंग नावाचा कोष्टी राहायचा. कोष्टी म्हणजे मागावर लुगडी विणणारा, बरं का. घरात तो आणि त्याचं एकुलतं एक लेकरू. लेकरू मुलगा म्हणून जन्मलं, नाव ठेवलं सोमलिंग. पण त्या लेकराला आतून सारखं वाटायचं, मी मुलगी आहे. आरशात बघितलं की ते हिरमुसायचं. आणि सांगायचं तरी कुणाला?

मग एका सकाळी ते नदीच्या डोहाशी गेलं. त्या डोहात साती आसरा राहायच्या. पाण्यातल्या सात बहिणी त्या, सगळं गाव त्यांना भ्यायचं. लेकरू काठावर बसलं आणि मनातलं सगळं पाण्याला सांगून मोकळं झालं. मग पाणी हललं आणि सातीजणी वर आल्या.

थोरली म्हणाली, "तुझ्यातली मुलगी आम्हाला दिसते. तीन बुड्या मार, म्हणजे जगालाही दिसेल. पण जुनं नाव डोहात राहील. आणि तू कोण, हे कुणाला सांगायचं नाही. दिवस मावळायच्या आत बापानं आपणहून ओळखलं तर घरी राहा. नाही ओळखलं, तर आमची आठवी बहीण होऊन पाण्यात ये."

लेकरानं एकदा घराच्या वाटेकडं वळून बघितलं. मग त्यानं बुडी मारली. एक, दोन, तीन. आणि वर आली ती मुलगी. पाण्यात स्वतःला बघून ती हसली, कितीतरी वेळ हसतच राहिली.

मग ती गावात आली. वाटेत तेलीण भेटली. "कुणाची गं तू?" पोर मान खाली घालून पुढं निघाली. मग जिवाभावाचा सवंगडी भेटला, तो सरळ पुढे निघून गेला. मग ती घरी पोचली. ऊन उतरलं होतं. बाप दारात उभा.

"पोरी, माझा सोमलिंग दिसला का गं कुठं?"

तिला रडूच आलं. ती मुकाट्यानं मागाजवळ गेली. एक धागा तुटून लोंबत होता. तिनं दोन्ही टोकं चिमटीत धरली, जरा ओली केली आणि गाठ मारली. इतकी बारीक, की बोटाला लागूसुद्धा नये.

ती गाठ रामलिंगानं साऱ्या जगात एकालाच शिकवली होती. तो जवळ आला. तिची हनुवटी वर करून त्यानं डोळ्यांत बघितलं.

"अगं, तू तर माझंच लेकरू," तो म्हणाला. "सकाळपासून उपाशी कुठं होतीस?"

"आप्पा, तुम्ही रागावलात?"

"घाबरलो होतो गं. आता हाक कशी मारू, ते सांग."

"सगुणा," ती म्हणाली. किती वर्षं तिनं ते नाव मनात जपलं होतं.

रामलिंगानं ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं. मग दारात जाऊन मोठ्यानं हाक मारली, "सगुणा, जेवायला ये." ती तर त्याच्या मागेच उभी होती. पण गावाला कळायला नको का?

मग बापलेकींनी गरम भाकरी खाल्ली, पुढं पुष्कळ लुगडी विणली आणि दोघं सुखात राहिली. झालं. मिटा आता डोळे, पांघरूण मी सारखं करते.