आधी खोडा, मग विसरायला सांगा

एकदा एक अत्यंत ज्ञानी आणि तितकाच तापदायक वृद्ध होता. ज्ञान आणि ताप हे एकाच देहात इतक्या सुखाने कसे नांदतात, हे ज्यांनी अशा वृद्धांच्या हाताखाली काम केलं आहे त्यांना सांगायला नको.

हा वृद्ध संगणकाच्या गाभ्याची निगा राखत असे. गाभा म्हणजे ती मूळ प्रणाली, जी पडद्यामागे राहून कॅमेरा, प्रिंटर, इंटरनेट या सर्वांना शिस्तीत वागायला लावते. ठिकठिकाणचे कारागीर तिच्यात सुधारणा सुचवून पाठवत, आणि तिच्या एका विभागापुरता अखेरचा शब्द या वृद्धाचा असे. तो शब्द बहुतेक वेळा एकच असे: ‘नको.’

गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्याची कार्यशाळा होती. तिथे शर्वाणी नावाची एक तरुणी त्याच्याकडे शिकायला आली. सगळे त्याला अण्णा म्हणत, म्हणून तीही म्हणू लागली.

अण्णांचा विभाग द्वारपालांचा होता. संगणकाची मेमरी हे एक मोठं कोठार समजा. कॅमेऱ्याने काढलेलं चित्र त्या कोठारात नेऊन ठेवायचं असतं; पण कॅमेऱ्याला वाटेल त्या खोलीत शिरू दिलं, तर तो दुसऱ्याच्या सामानावर आपलं सामान टाकेल. म्हणून दारात एक चिप बसवलेली असते. कॅमेरा म्हणतो, “पहिली खोली.” ही चिप आपल्या तक्त्यात पाहते, पहिली म्हणजे खरोखर कुठली ते ठरवते आणि तिथेच पाठवते. हाच तो द्वारपाल. मात्र तो दर वेळी तक्ता उघडत बसत नाही. नेहमीचे पत्ते पाठ करून ठेवतो. त्यामुळे एखादा पत्ता रद्द करायचा तर दोन कामं करावी लागतात: तो तक्त्यातून खोडायचा, आणि द्वारपालाला ‘पाठ केलेलं विसर’ असं सांगायचं.

द्वारपाल बनवणाऱ्या कंपन्या अनेक. प्रत्येकीच्या द्वारपालाशी बोलण्यासाठी गाभ्यात वेगळा ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्यासारखा छोटा प्रोग्राम, आणि तो ठेवलेला त्या त्या कंपनीच्या फोल्डरमध्ये. म्हणजे एकाच पेशाची माणसं, पण कोणी या वाड्यात, कोणी त्या वस्तीत, आणि एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत. अर्धेअधिक ड्रायव्हर एकमेकांची नक्कल करूनच लिहिलेले. एकात चूक सापडली की तिथे दुरुस्ती होई. बाकीच्यांना पत्ताच नसे.

“हे असं किती वर्षं चाललंय?” शर्वाणीने विचारलं.

“बरीच,” अण्णा म्हणाले.

“आणि कुणाला काही वाटलं नाही?”

“वाटलं असेल. चहा ठेवतेस का?”

तिने चहा ठेवला नाही.

तिच्या घाईला कारण होतं. तालुक्याच्या गावी एक लहानसं नेत्ररुग्णालय होतं. तिथल्या, शर्वाणीच्या ओळखीच्या डॉक्टर नलावडेबाई रुग्णांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढत आणि त्यांवरून लेझर कुठे मारायचा ते ठरवत. त्यांचा संगणक याच गाभ्यावर चालत होता. अलीकडे अधूनमधून एका रुग्णाच्या फोटोत दुसऱ्याच्या फोटोचा तुकडा येऊ लागला होता.

“अगं, काल एका आजीच्या डोळ्यात तिच्या पुढच्या नंबरच्या कंडक्टरचा डोळा आला,” बाई फोनवर म्हणाल्या. “मला हसू आलं आणि मग घामच फुटला. मी प्रत्येक फोटो पुन्हा काढून पाहते म्हणून निभावतंय. ज्या दिवशी गर्दीत नजर चुकेल, त्या दिवशी चांगल्या जागी लेझर मारला जाईल. मशीन बंद ठेवू म्हणशील तर इथल्या लोकांना दुसरं मशीन कुठे आहे?”

शर्वाणीने तसलाच एक संगणक मिळवला, त्याला साधा कॅमेरा जोडला आणि समोर आलटून पालटून झेंडू आणि लिंबू ठेवून फोटो काढले. थोड्याच वेळात पडद्यावर एक अपूर्व वनस्पती अवतरली: अर्धी झेंडू, अर्धी लिंबू.

मग ती पेटली. सगळे ड्रायव्हर तिने आपापल्या फोल्डरमधून उचलून एका नव्या फोल्डरमध्ये आणले. त्यांच्यातला सारखा भाग एकत्र केला, जुनाट वाटल्या त्या ओळी काढल्या, विसरायला सांगण्याची रीत सर्वांना एकच केली. झेंडू पुन्हा झेंडू दिसू लागला. तिने ते सगळं एका गठ्ठ्यात अण्णांकडे पाठवलं.

उत्तर आलं: ‘नको.’

“नको म्हणजे काय?” ती त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. “सगळे एका घरात यावेत हे तुम्हाला पटत नाही?”

“पटतं.”

“मग?”

“फक्त हलव. एक अक्षरही बदलू नकोस.”

“अण्णा, त्यात चूक आहे. ढळढळीत चूक. तीही तशीच हलवू?”

“तशीच.”

“का?”

“पुढे कळेल.”

‘पुढे कळेल’ या दोन शब्दांवर आपल्याकडच्या ज्येष्ठांनी आजवर जितका वेळ काढला आहे, तितक्यात तरुणांना समजावून सांगून वर झोपही झाली असती. पण ती कामाला बसली. दात आवळून तिने फाइली जशाच्या तशा हलवल्या. एका ठिकाणी दोन रिकाम्या ओळी होत्या, त्यातली एक तेवढी काढली. माणसाच्या हाताला सवय असते.

उत्तर आलं: ‘नको.’

“एका रिकाम्या ओळीसाठी?” ती ओरडली. “त्यात काही लिहिलेलंसुद्धा नव्हतं!”

“मग काढलीस कशाला?” अण्णा म्हणाले. “राग विसर आणि कामाला लाग.”

राग विसरला गेला नाही. तिकडे रुग्णालयात नेत्रशिबिर तोंडावर आलं होतं. तिने अण्णांना न विचारता आपला पहिला गठ्ठाच डॉक्टरांकडे पाठवून दिला. तो गठ्ठा तिने दुपारभर तपासला होता. झेंडू झेंडू होता, लिंबू लिंबू होतं. आणखी काय हवं?

शिबिराच्या सकाळी फोन आला. बाईंचा आवाज थंड होता. “स्क्रीन काळी झाली आहे. बाहेर व्हरांड्यात माणसं डोळ्यांत औषध घालून बसली आहेत, त्यांना समोरचं धड दिसत नाही. त्यांना काय सांगू?”

शर्वाणीने जुनी प्रणाली परत घालून दिली. फोटोंत पुन्हा तुकडे येऊ लागले. पण फोटो तरी येऊ लागले. बाईंनी दिवसभर एकेक डोळा पुन्हा पुन्हा पाहिला. त्या तिला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं.

नंतर ती आपल्या गठ्ठ्यासमोर बसली. काय चुकलं असेल? तिने फाइली हलवल्या होत्या, एकत्र केल्या होत्या, ओळी काढल्या होत्या, रीत बदलली होती. दोष यांपैकी कशाचा, हे सांगायला काहीच साधन उरलं नव्हतं. तिने सगळं ढवळून एकजीव केलं होतं.

अण्णांना एव्हाना सगळं कळलं होतं. तिला वाटलं, आता प्रवचन होणार. ते उठले आणि त्यांनी स्वतः चहा ठेवला.

“घर बदललेल्या दिवशी,” ते म्हणाले, “नवी चूल, नवं पाणी आणि स्वयंपाकालाही नवा माणूस. आमटी बिघडली. सांग, दोष कुणाचा?”

“सांगता येणार नाही.”

“म्हणून घर बदललं की पहिल्या दिवशी जुनीच बाई, जुनीच चूल, जुनंच पाणी. बिघडलेली आमटीसुद्धा जुन्याच तऱ्हेने बिघडली पाहिजे. तशी बिघडली, की घराचा दोष नाही हे पक्कं झालं. मग एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. चूक तशीच हलव म्हणालो ते चुकीवर प्रेम आहे म्हणून नव्हे. ती ओळखीची आहे. ती जागेवर दिसते तोवर नवी कुठली शिरली नाही, हे कळत राहतं. आणि ओळीला हात न लावता फाइल हलवली, तर ती ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली याचा मागही सोबत येतो. रिकाम्या ओळीचं म्हणशील, तर आज ती काढायची मुभा दिली, की उद्या भरलेलीही निघते.”

शर्वाणीने मान खाली घातली. भरलेल्याही काही निघाल्या होत्या, हे तिला आठवत होतं. नक्की कुठल्या, ते आठवत नव्हतं.

तिने पुन्हा आरंभ केला. आधी नुसत्या फाइली हलवल्या. या वेळी फोटो भराभर काढले, शिबिरात काढतात तसे. झेंडूत लिंबू आलं.

“छान,” अण्णा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे जळजळीत पाहिलं. पण आता त्या ‘छान’चा अर्थ तिला कळत होता.

मग ती एकेका ड्रायव्हरचा सारखा भाग सामाईक करत गेली आणि दर वेळी भराभर फोटो काढत गेली. रुग्णालयातल्या चिपच्या ड्रायव्हरपाशी आली आणि स्क्रीन काळी झाली. तिथे मुळात एक ओळ होती: विसरायला सांगितल्यावर द्वारपालाचं ‘विसरलो’ असं उत्तर येईपर्यंत थांबा. तिने पूर्वी ती जुनाट म्हणून काढली होती, आणि आता भाग सामाईक करताना ती पुन्हा गळली होती. संथपणे काम चाललं तर तिच्यावाचून अडत नव्हतं. गर्दी झाली की सगळंच अडत होतं. तिने ती ओळ परत ठेवली. स्क्रीन उजळली.

आता मूळची चूक तेवढी उरली. तिने त्या ड्रायव्हरची फाइल आणि शेजारच्या ड्रायव्हरची फाइल पडद्यावर बाजूबाजूला उघडल्या.

“अण्णा, इकडे या.”

शेजारचा ड्रायव्हर आधी पत्ता तक्त्यातून खोडत होता आणि मग द्वारपालाला विसरायला सांगत होता. हा मात्र आधी विसरायला सांगत होता आणि मग खोडत होता. द्वारपाल बिचारा आज्ञाधारकपणे विसरे. पण पत्ता खोडला जाण्यापूर्वीच्या क्षणात कॅमेरा पुढचं चित्र घेऊन दारात आला, की द्वारपाल पुन्हा तक्त्यात पाही, जुनाच पत्ता तिथे सापडे आणि तोच पुन्हा पाठ करी. मग पुढचं चित्र त्या जुन्याच खोलीत, आधीच्या चित्रावर जाऊन पडे: आजीच्या डोळ्यात कंडक्टरचा डोळा.

अण्णा वाकून बराच वेळ पाहत राहिले. “हे माझ्या नजरेखालून कितीदा गेलं असेल,” ते म्हणाले. “दिसलं नाही. दोन फोल्डरमध्ये दोन. शेजारी कधी ठेवून पाहिलेच नाहीत.”

“तेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.”

“होय. सांगत होतीस.”

तिने दोन ओळींची जागा आपसांत बदलली. झेंडू झेंडू राहिला, भराभर काढूनही. या वेळी अण्णांचं उत्तर आलं: ‘घेतलं.’ डॉक्टरबाईंना तिने स्वतः जाऊन ते घालून दिलं आणि रुग्ण संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. बाईंनी शेवटचा फोटो पाहिला, तो पुन्हा न काढता बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ये आता, जेवून जा.”

ती परतली तेव्हा अण्णा प्रसन्न होते. “चला,” ते म्हणाले, “आता तरी राग विसरलीस ना?”

“नाही,” शर्वाणी म्हणाली.

“का गं?”

“तुम्ही क्रम चुकवता, अण्णा. आधी ‘राग विसर’ म्हणता आणि ज्याचा राग आला ते तक्त्यात तसंच ठेवता. मी विसरतेही. पण पुढचं काम घेऊन दारात आले की पुन्हा ते ‘नको’ दिसतं, कारण नाही, काही नाही, आणि सगळं पुन्हा पाठ होतं. चूल-पाण्याची गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली असतीत, तर ती माणसं व्हरांड्यात बसली नसती. माझी चूक माझीच आहे, ती मी तुमच्या अंगावर ढकलत नाही. पण खोडायचं काम तुमचं होतं.”

अण्णांनी चष्मा पुसला. तोंडाशी आलेलं काहीतरी त्यांनी परत गिळलं. बहुधा ते ‘पुढे कळेल’ असावं.

मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले. तिने पाठवलेला तो पहिला गठ्ठा त्यांनी उघडला. त्याखाली त्यांचा तो एकुलता एक शब्द होता. त्याच्यापुढे त्यांनी एका बोटाने, सावकाश, टंकायला सुरुवात केली: ‘कारण…’

शर्वाणी उठली आणि तिने चहा ठेवला.

‘झालं गेलं विसरून जा’ असं कुणाला सांगण्यापूर्वी, खोडायचं ते आपण खोडलं आहे का, एवढं एकदा पाहून घ्यावं.