वाढत्या अंगाचे पट्टे

तो कडा कोणत्या रानातला, हे म्हाताऱ्या मुंगसाला आता धड आठवत नाही. दुकान मात्र आठवतं. त्या कड्यावरून जनावरं हवाई छत्री बांधून उड्या मारत, आणि छत्र्या सुगरणताई शिवत. मुंगूस आपल्या धाकट्याला पहिली छत्री घ्यायला तिथे गेला होता.

निवड त्याने फार विचार करून केली. पोर सावकाश उतरावं म्हणून मोठी छत्री घेतली. ती उघडली नाहीच तर असू द्यावी म्हणून आणखी एक राखीव घेतली.

"तुमच्यासारखं गिऱ्हाईक विरळा, मुंगूसराव," सुगरणताई म्हणाल्या. "बाकीचे आधी रंग विचारतात."

मग अंगाला बांधायच्या पट्ट्यांचं माप निघालं.

"थोडे सैल शिवा. वाढतं अंग आहे."

"छत्री मोठी चालते हो, पट्टे नाही. हा काय सदरा आहे?"

"बाबा, खांद्यावरून घसरतायत," कच्चे टाचलेले पट्टे अंगावर चढवून धाकटा म्हणाला.

"पुढच्या वर्षी येतील बरोबर."

त्याच्या हट्टापुढे सुगरणताईंनी तसेच शिवून दिले.

पहिल्या उडीला छत्री झकास उघडली. पण त्या हिसक्याने धाकटा पट्ट्यांतून निसटला, एका हाताने लोंबकळत खाली आला आणि बाभळीवर आदळला. जीव वाचला, मागचा पाय कायमचा अधू झाला. तो पुन्हा कड्याकडे फिरकला नाही. बापाला मात्र त्याने कधी दोष दिला नाही.

कितीतरी वर्षांनी एका दुपारी धाकटा झोपला असताना मुंगसाने बिळाच्या कोपऱ्यातले ते पट्टे काढले आणि हळूच त्याच्या अंगाला लावून पाहिले. अगदी बरोबर बसत होते.