अडगळीच्या खोलीचं कुलूप

चूक सगळी म्हाताऱ्या कुलपाची. फार पूर्वी एका घरात अडगळीच्या खोलीत नवी सायकल ठेवली होती आणि दाराला हे कुलूप होतं. किल्ली फिरवली की मुद्दाम अडून बसायचं. फक्त दसऱ्याला उघडायचं. सायकलला झेंडूचा हार मिळायचा आणि लगेच दार बंद.

"आजोबा, एकदा तरी रस्त्यावर जाऊ द्या. उभ्या उभ्या टायर चिरले माझे."

"पोरी, बाहेर खड्डे आहेत. आमच्या अनुभवाचं ऐक," जन्मभर एका कडीला लटकलेलं कुलूप म्हणायचं. "हार मिळतोय ना दरवर्षी?"

अकराव्या दसऱ्याला हार घालताना टायरचा तुकडाच हातात आला. घरच्यांनी सायकल भंगारवाल्याला दिली. खोलीत राखण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून कुलूपही त्याच हातगाडीवर गेलं.