मैलावरचा कावळा

कॅमेऱ्यांना आपली लेन्स आपणच निवडण्याचा मान होता, त्या काळची गोष्ट. वामनराव खांबेट्यांनी नातीच्या बारशासाठी नवा डिजिटल कॅमेरा घेतला. उरलेल्या पैशांत एकच लेन्स येणार होती.

बुटकी लेन्स म्हणाली, "दादा, मला घे. खोलीभर माणसं मावतील माझ्यात."

"गप गं बुटके!" लांबलचक लेन्स गुरकावली. "मला मैलावरचा कावळा दिसतो."

मैलावरचा! कॅमेरा विरघळला.

बारशाला दहा बाय दहाच्या खोलीत तीस माणसे जमली. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली. कॅमेऱ्याने डोळा उघडला आणि तो हादरलाच. समोर नुसती आत्याची धूसर नाकपुडी होती.

"अगं, बाळ कुठाय?"

"मागे सरक."

"मागे भिंत आहे!"

तेवढ्यात नाव ठेवून झालेसुद्धा.

खांबेट्यांच्या अल्बमात बारशाचा एकच स्वच्छ फोटो आहे. खिडकीबाहेर, पलीकडच्या टाकीवर बसलेला कावळा. त्याची पिसे मोजता येतात.