वकीलसाहेबांचा ड्रॅगन

सांगलीत माझं खेळण्यांचं दुकान आहे. दर रविवारी मागच्या खोलीत जादू-तलवारींचा खेळ रंगतो. खेळ चालवतात वकील खासनीस, म्हणजे राक्षसही त्यांचे आणि नियमही त्यांचेच. प्रत्येक पात्राला हिट पॉइंट असतात. किती मार सोसता येईल, त्याचा तो आकडा. पात्राची पातळी वाढली, की फासा टाकून त्यात भर घालायची.

दातांच्या डॉक्टर शाल्मलीबाईंनी दोन वर्षं जपलेली चेटकीण ड्रॅगनच्या गुहेशी पोचली, तिची पातळी वाढली आणि फाशावर नेमका एक पडला. आता पहिल्याच फूत्कारात ती जळणार होती.

"फाशाची सरासरी धरा ना," बाई म्हणाल्या.

"छे, डॉक्टर. फासा म्हणजे फासा. इथं वशिला चालत नाही."

"बरं. ड्रॅगनचे पॉइंट किती?"

"पूर्ण," वकीलसाहेब मिशीत हसले. "प्रत्येक फाशावर वरचा आकडा धरलाय."

"मग तुम्हीच ठरवा. पूर्ण धरायचे, सरासरी धरायची, की फासे टाकायचे? तुम्ही म्हणाल ते कबूल. फक्त जो नियम माझ्या चेटकिणीला, तोच तुमच्या ड्रॅगनला."

पूर्ण म्हणावं तर चेटकीण धडधाकट होते, फासे म्हणावं तर ड्रॅगन सगळ्यांदेखत रोडावतो. वकीलसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"सरासरी धरू," ते पुटपुटले.

ड्रॅगनने आग ओकली. चेटकीण खोकत धुरातून बाहेर आली, एक पॉइंट राखून. मी जन्मभर घासाघीस करत आलोय. पण समोरच्यालाच भाव ठरवायला सांगून सौदा जिंकणारं गिऱ्हाईक तेवढं एकच पाहिलं.