गुणाबाईचा गोळा

ही विहीर पाहिलीत? आधी गुळाचा खडा तोंडात टाका, मग घोट घ्या. आणि चव कशीही लागली तरी तोंड वाकडं करायचं नाही. आमच्या वाडीत या पाण्याला कोणी 'खारट' म्हणत नाही. हसू नका. आम्ही आमटीत वेगळं मीठ घालत नाही, आमसुलं, म्हणजे आमची सोलां, मात्र मूठभर घालतो, आणि त्याला कारण आहे.

पूर्वी हे पाणी शहाळ्यासारखं गोड होतं, असं सांगतात. मग एका आश्विनात खाडीच्या तोंडाशी होडी उलटली आणि वाडीतले चार पुरुष बुडाले. एकाचंही प्रेत मिळालं नाही. महिन्याभरात विहीर खारी झाली. बायकांनी जेवणात गूळ घातला, नारळाचं दूध घातलं. पण नुसतं पाणी प्यायचं तर त्यात काय घालणार? लहान मुलं ओकायला लागली.

बुडालेल्यांतल्या धाकूची बायको गुणाबाई. ती तिन्हीसांजेला पाण्याला आली, तर राहाट आपोआप फिरत होता म्हणे. काठावर कोणीच नव्हतं. तरी चूळ भरून थुंकल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, चारदा. शेवटच्या चुळीमागून खोकला आला, तो धाकूचा होता. बुडालेले तहानेने येत होते, आणि पिण्याआधी तोंडातलं समुद्राचं पाणी विहिरीत टाकत होते.

आमटी खारट झाली की आपण तिच्यात कणकेचा गोळा सोडतो, तो मीठ ओढून घेतो. गुणाबाईने तेच केलं. चार गोळे मळले, एकेकाचं नाव घेऊन विहिरीत सोडले. दुसऱ्या दिवशी पहिला गोळा काढला, तर दगडासारखा जड. तो ओहोटीत सोडला. त्या संध्याकाळी तीनच चुळा ऐकू आल्या. मग दुसरा निघाला, तिसरा निघाला. पाणी पिण्याजोगं झालं, मुलं बरी झाली. उरला धाकूचा. त्याला मात्र ती हात लावेना.

"गुणाबाय, तोय काढ गो," लोक म्हणाले.

"तेचो खोकलो तेवढो उरलो माका," ती म्हणाली. "तोय तुमका काढून घेवचो आसा?"

शेवटी म्हातारी रखमाय म्हणाली, "ऱ्हवांदे. आमी आमटीत दोन सोलां जास्ती घालू."

रखमायचा एकुलता मुलगा त्याच होडीत होता. त्याचा गोळा तिने आपल्या हाताने ओहोटीत सोडला होता.

गुणाबाई जन्मभर रोज संध्याकाळी इथे येऊन बसली. ती गेल्यावर लोकांनी ठरवलं, आता तरी पाणी गोड करू. एक जण दोर धरून खाली उतरला आणि रिकाम्या हाताने वर आला. तळाशी दोन गोळे होते म्हणे, एकमेकांना चिकटलेले.

आजही वैशाखात गाळ काढताना तेवढा कोपरा आम्ही सोडतो. तिन्हीसांजेला खोकला अजून ऐकू येतो. फक्त आता तो फार वेळ चालत नाही. कोणीतरी पाठ चोळावी तसा हळूहळू थांबतो.