पाटलाचा वाटा

भैरोबाच्या डोंगराच्या कमरेला मातीचा एक उघडा पट्टा दिसतो. वर गवत, खाली गवत, मध्ये नुसती तांबडी माती. घाणबीवाडीत पाहुणा आला की देवळाचे पुजारी कोंडीबा गुरव त्याला पायरीवर बसवतात, पट्ट्याच्या ओढ्याकडच्या टोकाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "त्यो पाटलाचा वाटा. आदी त्याच्याकडं बगा, मग द्येवाकडं."

फार मागे, असे सांगतात, वाडीतली सगळी घरे गवताने शाकारलेली होती आणि उन्हाळा लागला की वणव्याच्या भीतीने माणसांना झोप लागत नसे. म्हणून हैबती पाटलाने भैरोबापुढे सगळ्यांना बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली आणि कायदा केला. शिमग्याआधी प्रत्येक घराने डोंगरावरचा आपला वाटा साफ करायचा, म्हणजे आग तिथेच अडेल. जो चुकेल त्याच्या घराचे पाणी, वाटा साफ होईपर्यंत, तोडायचे. पाटील कायद्याला कडक. तापाने फणफणलेल्या सखू म्हातारीलाही त्याने विळा देऊन वर धाडले म्हणे. स्वतःचा वाटा मात्र तसाच ठेवला. पाटलाच्या हातात विळा कसा शोभेल?

पाटलाची सून तुळसा गोठ्यातून रोज ते कमरेइतके वाळलेले गवत बघायची. तिचे पोर नुकते पावले टाकू लागले होते. तिला वणव्याचे भय होते, आणि सासऱ्याचे त्याहून जास्त. एकदा धीर करून तिने आपला वाटा राहिल्याचे सांगितले, तर पाटलाने नुसते तिच्याकडे बघितले. ती पुन्हा बोलली नाही. गावानेही तोंडाला कुलूप लावले होते.

वैशाखात भर दुपारी डोंगर पेटला. आग पट्ट्यापर्यंत आली आणि घराघराच्या वाट्यापाशी विझत गेली. लोकांचा जीव भांड्यात पडतोय तोच ती ओढ्याकडे वळली आणि पाटलाच्या वाट्यातून खाली उतरली. तुळसा पोराला छातीशी धरून पळाली. ओढ्याकाठी पहिले घर सखूचे. ती आत निजली होती. तिला कोणी बाहेर काढू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळापुढे जमला. चूक कोणाची ते सगळ्यांना ठाऊक, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? तेव्हा तुळसा भरली घागर घेऊन आली. तिने घागर सासऱ्यासमोर पालथी केली.

"मामंजी, आपल्या घराचं पानी मीच तोडलं. कायदा आपल्याच घरात शिजला, मग त्यो आपल्यालाच का न्हाई?"

आता हा हिला जिवंत सोडत नाही, असेच सगळ्यांना वाटले. पाटील उठला. त्याने शेजाऱ्याची कुदळ घेतली आणि डोंगर चढू लागला. दिवसभर तो आपला वाटा मुळासकट खणत होता. खाली पोर पाण्यासाठी रडत होते. तुळसाने मागितले नाही, आणि डोळे पुसत का होईना, शेजारणींनी दिले नाही. देवापुढची शपथ मोडायचे भय पाटलाच्या भयाहून मोठे ठरले होते. तिन्हीसांजेला तो रक्ताळलेल्या हातांनी उतरला, तेव्हा पहिला तांब्या सखूच्या लेकीने आणला आणि पोराच्या ओठांना लावला.

आजही सव्वीस जानेवारीला वाडीचा सरपंच, मग तो कोणीही असो, झेंडावंदनाआधी कुदळ घेऊन त्या वाट्यावर जातो. तो खाली येईपर्यंत त्याच्या घरात पाणी भरत नाहीत. देशप्रेमावर भाषण ठोकायची त्याला फार हौस असते, पण कोंडीबा त्याला एवढेच म्हणतात, "हात दाव." हाताला माती दिसली, तरच झेंड्याची दोरी त्या हातात देतात.